मुकी तहान

१८ मे, सोमवार

वादळ येणार येणार असं दोन दिवस चाललं आहे. बाबा रेडिओ कानाशी धरून बसलेत आणि दर बातमीनंतर मला येऊन सांगतात, जणू मी ऐकलेलीच नाही.

मार्चअखेरपासून आम्ही दोघं इथे गोठ्यावरच राहतो आहोत, शहराबाहेर, जोक्याच्या पुढे. शहरातला बेहालाचा फ्लॅट बंद आहे. माझा नवरा सलील त्याच्या आईच्या ऑपरेशनसाठी पुण्याला गेला आणि लॉकडाऊनमध्ये तिकडेच अडकला. गोठ्यावरची कामाची दोघं माणसं मिळेल त्या ट्रकमध्ये बसून बिहारला गेली. उरले मी, सेक्टर फाइव्हमधली कॉम्प्युटरची नोकरी सोडून हा उद्योग मांडणारी. आणि बाबा. बँकेतून निवृत्त होऊन, आई गेल्यावर माझ्याकडे आलेले. आयुष्यात त्यांनी गाय फक्त लांबून पाहिली होती. आता धार काढतात. हळू काढतात, पण गाईशी इतकं सभ्यपणे बोलत काढतात की मला हसू येतं.

हसू येणं आज एवढंच झालं. 

सुरुवातीला मला वाटायचं दुधाचा धंदा म्हणजे चाऱ्याचा धंदा. तो पाण्याचा आहे. लिटरभर दुधामागे गाय चार-पाच लिटर पाणी पिते, या उकाड्यात त्याहून जास्त. नऊ गायी, दोन कालवडी. शिवाय गोठा धुणं, भांडी धुणं. सगळं एका बोअरच्या मोटरवर. जनरेटर घेऊ घेऊ म्हणता राहूनच गेला.

आज छतावरची टाकी भरली, हौद काठोकाठ भरला. बाबांनी विचारलं, "हे किती पुरेल गं?"

"दिवसभर. जेमतेम."

"मग झालं तर. दिवसभरात येते लाइट."

त्यांना बरं वाटावं म्हणून मी मान हलवली.

२० मे, बुधवार

दुपारी सुरू झालं. आधी पाऊस नुसता आडवा. मग वारा, आणि तो वारा नव्हताच, रेल्वे गाडी अंगावरून जावी तसा आवाज होता, आणि ती गाडी संपतच नव्हती.

गोठ्याच्या मागच्या बाजूचे दोन पत्रे उडाले. पाठोपाठ छतावर काहीतरी घरंगळल्याचा आवाज आला. टाकी. भरलेली टाकी कशी काय उडते? पाइप तुटून आधी पाणी गेलं असेल, मग टाकी.

आम्ही दोघं गोठ्यातच होतो. गोठ्यालगतच्या घरात थांबणं जास्त धोक्याचं की गोठ्यात हे मला ठरवता आलं नाही, आणि बाबा म्हणाले, "त्यांना सोडून कसं बसायचं?" गायी दावी ताणून एकमेकींना चिकटल्या होत्या. शिउली आणि टगर, दोन्ही कालवडी, माझ्या पायांत तोंड घालून उभ्या. मी टगरच्या मानेला धरून रामरक्षा म्हणायला लागले, आणि चौथ्या ओळीनंतर मला पुढचं आठवेना. लहानपणापासून पाठ आहे. आठवेना.

अजून वारा आहे. लाइट गेली आहे. अंधारात लिहितेय, अक्षर कसं आलंय ते उद्या बघेन.

२१ मे

जिवंत आहोत. सगळी जनावरंही.

मागच्या तळ्याकडचा विजेचा खांब उन्मळून तळ्यात पडलाय. तारा पाण्यात. तळं भरून वाहिलं आणि ते पाणी आमच्या मागच्या अंगणात, गोठ्याच्या मागच्या गटारापर्यंत आलं आहे. तळ्यात मासे उताणे तरंगताहेत.

सकाळी कालिंदीदी आली. ती पलीकडच्या गल्लीत राहते, सकाळच्या धारेला मदत करते. गुडघाभर पाण्यातून न येता मोठ्या रस्त्याने फिरून आली. फाटकातूनच ओरडली, "दीदी, मागे पाय ठेवू नका. तिकडे शाळेजवळ एक माणूस गेला. पाण्यात तार होती, त्याला दिसली नाही."

"पण लाइट तर नाहीये ना."

"नव्हती. मध्येच आली म्हणे, आणि गेली."

तेव्हापासून माझं डोकं एकाच जागी अडकलंय. लाइट आल्याशिवाय मोटर नाही, पाणी नाही. आणि लाइट आली तर ते मागचं पाणी कुणालाही मारू शकतं. मी एकाच वेळी तिची वाट बघतेय आणि ती येऊ नये म्हणतेय.

मागच्या रांगेतल्या गायी पुढे आणून बांधल्या. जागा नाही, एकमेकींना ढुशा देताहेत. मागच्या दाराला दोरी बांधली. हौदातलं पाणी सगळ्यांना निम्मं दिलं. तरी संध्याकाळपर्यंत हौदाचा तळ दिसला.

फोनला रेंज नाही. सलीलला कळलंच नसेल आम्ही आहोत की नाही.

२२ मे

आता एकच पाणी आहे, गल्लीच्या कोपऱ्यावरचा हातपंप. इथे त्याला चापाकल म्हणतात. उंच कट्ट्यावर आहे म्हणून वाचला. अख्खी वस्ती त्याच्यावर.

बाबा आणि मी चार-चार बादल्या घेऊन रांगेत उभे राहिलो. तोंडाला मास्क, घाम डोळ्यांत. आमची पाळी आली आणि दुसऱ्या खेपेलाच मागून एक बाई तडकली, "माणसांना पाणी नाही आणि हे गुरांना नेताहेत!" कोपऱ्यावरच्या शिंप्याने माझी बादली कट्ट्यावरून सरळ खाली ठेवली. कुणी धक्का दिला नाही, पण सगळे जवळ आले. मला या गल्लीची पहिल्यांदा भीती वाटली. रोज यांच्याच घरी माझं दूध जातं.

बाबा पुढे झाले. त्यांचं बंगाली अजून हिंदीच्या कुबड्यांवर चालतं. म्हणाले, "तुमचं खरं आहे. आधी माणसं. पण गाय मेली तर तुमच्या पोरांचं दूधही जाईल. रस्ते बंद आहेत, बाहेरून दूध येत नाहीये. आमचं दूध तुम्हीच घ्या. आणि आम्हाला अशी वेळ द्या जेव्हा इथे कुणी नसतं."

शिंप्याने थोडा विचार केला. "दुपारी घ्या. दुपारी उन्हात कोण येतं?"

तसं ठरलं. जेवणानंतर ऊन कलेपर्यंत पंप आमचा. बाबा पंप मारतात, मी बादल्या वाहते. बादल्या वाहणं जास्त जड म्हणून मी ते घेतलं. पंपाचा कट्टा उघडा आहे, सावली देणारं झाड परवा पडलं. बाबा डोक्याला पंचा बांधून उभे असतात. मी म्हटलं, मध्ये थांबत जा. म्हणाले, "लय तुटली की परत लागत नाही."

सकाळी त्यांनी न चुकता रक्तदाबाची गोळी घेतली, अंगातलं पाणी काढणारी ती लघवीची गोळीही घेतली. एवढ्या गोंधळात मला माझं जेवण आठवत नाही. बाबांचं सगळं वेळच्या वेळी.

२३ मे

रात्रभर गायी हंबरत होत्या. मला माहीत नव्हतं तहानेचं हंबरणं वेगळं असतं. लांब, कोरडं, शेवटी तुटणारं.

आज प्रत्येकीची मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली. चांगली असली तर कातडी लगेच सपाट होते. बकुळची घडी तशीच उभी राहिली, मग सावकाश बसली. डोळे खोल गेलेत. नाकाचा शेंडा कोरडा, सुरकुतलेला. हे सगळं मी पहिल्या वर्षी शिकले होते, तेव्हा नुसतं वाचून पाठ केलं होतं. आता बोटांना कळतंय.

दूध निम्म्यावर आलंय. जे निघतं ते वस्तीत जातं.

एवढं पाणी सगळ्यांना पुरणार नाही. तेव्हा वाटप करावं लागलं. दुभत्या गायींना आधी. त्यातही बकुळ आणि जी सगळ्यांत जास्त हंबरते ती मोठी काळी. कालवडींना शेवटी, उरलेलं, अर्धी-अर्धी बादली, कधी तेवढंही नाही. त्या लहान आहेत, दूध देत नाहीत, त्यांना कमी लागतं. दूध पाजून पाहिलं पण त्या आता चाऱ्यावर आहेत, नुसतं नाक बुडवून बाजूला होतात. गुणी आहेत. एकदाही ओरडल्या नाहीत.

हे बरोबर करतेय का? विचारायला कुणी नाही. गुरांच्या डॉक्टरांचा, अजेयबाबूंचा, फोन लागत नाही.

बाबांना दुपारी चहा दिला तर कपाला ओठ लावून ठेवून दिला. "नको गं. तोंडाला चव नाही." दूध दिलं, तेही तसंच. त्यांच्या वाटणीचं उकळून गार केलेलं पाणी मी तांब्यात भरून ठेवते. संध्याकाळी तांब्या जवळजवळ भरलेलाच होता, तो मी बकुळच्या बादलीत ओतला. बाबा बघून म्हणाले, "शाब्बास."

माझंही डोकं ठणकतंय. उन्हाचं असेल.

२४ मे

पुलावर जाऊन उभं राहिलं की रेंजची एक काडी येते असं कालिंदीदी म्हणाली. गेले. सलीलचा आवाज ऐकला आणि मला बोलताच येईना. तो नुसता "चैत्राली? चैत्राली?" करत राहिला. "आहोत," एवढं म्हणाले आणि फोन कटला.

परत आले तर बाबा पंपाच्या कट्ट्यावर बसलेले. बादली भरून वाहत होती.

"बाबा!"

"हो, हो. मोजत होतो." काय मोजत होते ते सांगता आलं नाही.

दिवसभर चिडचिड करताहेत. त्यांच्या स्वभावात नाही ती. दुपारी मला "श्यामला, पंचा कुठे ठेवलास" म्हणाले. आईचं नाव. मी दुरुस्त केलं नाही. वादळ, एकटेपणा, सगळं वर येत असेल. आईला जाऊन या महिन्यात तीन वर्षं झाली. उभं राहताना त्यांना खांब धरावा लागला. मी म्हटलं, उद्यापासून पंप मी मारते. म्हणाले, "मग वाहणार कोण?" 

मागच्या दाराची दोरी तपासून आले. पाणी थोडं उतरलंय. तार तशीच.

टगर आज बसूनच आहे. शांत आहे. कालवडींचा एक त्रास नाही, हेच एक बरं.

२५ मे, दुपार

लाइट आली!

सकाळी विजेची माणसं आली. आधी तार उचलून कापली, खांब बाजूला ओढला, मग जोडणी. मी पूर्ण वेळ दोन्ही हात छातीशी धरून उभी होते. कालिंदीदी गल्लीतून ओरडत आली, "कारेंट एशे गेछे!" आणि गोठ्यातला पंखा फिरायला लागला. मोटर चालू केली. आधी गाळ, मग लालसर, मग स्वच्छ. मी तोंडावर पाणी मारून घेतलं आणि रडले.

हौद भरला. गायींनी तोंडं घातली ती वर काढलीच नाहीत. मग कालवडींना सोडलं. बिचाऱ्यांनी चार दिवस काढले होते. टगर धडपडत उठली आणि प्यायला लागली. शिउली दुसऱ्या बादलीवर. मी बादली संपली की परत भरत होते. मध्ये एकदा मनात आलं, इतकं एकदम? कालिंदीदी म्हणाली, "पिऊ दे गं. तहानलेल्याच्या तोंडचं पाणी कुणी काढतं का?" मलाही ते पटलं.

संध्याकाळ

नीट लिहिता येईल का माहीत नाही. क्रमानं लिहिते.

टगरचं पोट नगाऱ्यासारखं झालं. ती थरथरायला लागली. मग लघवी केली, ती लाल. काळ्या चहासारखी लाल. पुढचे पाय अडखळले आणि ती कुशीवर पडली, मान मागे ताणलेली, पाय झाडत. शिउलीचीही लघवी लाल.

फोन लागला. अजेयबाबू पहिल्या वाक्यातच म्हणाले, "पाणी किती प्यायल्या? थांबवा. आत्ताच्या आत्ता थांबवा."

"पण त्या तहानलेल्या होत्या."

"म्हणूनच. बरेच दिवस कोरडं पडलेलं शरीर, त्यात एकदम साधं पाणी गेलं की रक्तातलं मीठ पातळ होतं. रक्ताच्या पेशी फुगून फुटतात. मेंदूलाही सूज येते. मिठाचं दाट पाणी करा, जी उभी आहे तिला थोडं थोडं पाजा. पडलेलीच्या तोंडात काही घालू नका, श्वासनळीत जाईल. मी निघतो, पण रस्ता कुठवर मोकळा आहे माहीत नाही."

शिउलीला पाजलं. टगरचं डोकं मांडीवर घेऊन बसले. अजेयबाबू वाटेतच होते तेव्हा ती गेली. मी माझ्या हातानं बादली भरून दिली होती. एक नाही. परत परत.

बाबा शेजारी येऊन उभे राहिले. "श्यामला, ही अशी का निजलीय?"

मी वर पाहिलं. का कोण जाणे, पहिल्यांदाच नीट पाहिलं. डोळे खोल गेलेले. ओठांना पापुद्रे. जीभ बोलताना टाळूला चिकटत होती, कोरडा टकटक आवाज येत होता. मी त्यांचा हात धरला, मनगटाच्या वरची कातडी चिमटीत घेतली आणि सोडली.

ती तशीच उभी राहिली.

"बाबा, लघवीला कधी गेला होतात?"

त्यांनी विचार केला. खरंच विचार केला. "काल… सकाळी? माहीत नाही गं."

मी धावत जाऊन पेला भरला, त्यांच्या ओठांपर्यंत नेला आणि माझाच हात थांबला. टगर समोर पडली होती. मला त्या क्षणी पाण्याची इतकी भीती वाटली जितकी त्या तारेची वाटली नव्हती. पेला खाली ठेवला. अजेयबाबूंना परत फोन. ते गुरांचे डॉक्टर, पण दुसरा कोण होता? गोळ्यांसकट सगळं सांगितलं. "शुद्धीवर आहेत? गिळता येतंय? मग मीठ-साखरेचं पाणी. चमच्यानं, सावकाश. लघवीची गोळी देऊ नका. आणि काहीही करून दवाखान्यात न्या."

चमच्यानं देतेय. एक चमचा, थांबायचं, एक चमचा. कालिंदीदी गाडी बघायला गेलीय. बाबा म्हणताहेत, "एवढं कशाला? मला काही झालेलं नाही."

२७ मे

परवा रात्री शिंप्याच्या भाच्याने त्याची टोटो आणली, बॅटरीची रिक्षा. झाडांच्या फांद्या ओढत, वळसे घेत बेहालातल्या एका नर्सिंग होमपर्यंत पोचलो. फाटकावर आधी ताप मोजला, खोकला आहे का विचारलं, आत घेतील की नाही याची धास्ती होती. घेतलं.

सलाइन लावलंय, अगदी हळू. डॉक्टरीणबाई तरुण आहेत, थकलेल्या. म्हणाल्या, मूत्रपिंडांवर ताण आलाय, पण वेळेत आणलंत. मग विचारलं, "उन्हात काम करत होते आणि ही गोळीही चालू होती? घरात कुणाच्या लक्षात आलं नाही?"

मी गायींच्या कातड्या तपासत होते, असं त्यांना कसं सांगू.

आज सकाळी बाबा पूर्ण शुद्धीत होते. मला चैत्राली म्हणाले. मी विचारलं, रागानंच विचारलं, "पाणी का नाही प्यायलात? माझ्यासाठी ठेवत होता? गायींसाठी?"

ते ओशाळल्यासारखे झाले. "छे गं. तसं काही मोठं नाही. तहानच लागली नाही मला."

मला वाटलं होतं काहीतरी त्याग वगैरे निघेल, त्यावर मी रडेन, भांडेन. तहानच लागली नाही. या वयात लागत नाही म्हणे, डॉक्टरीणबाईही तेच म्हणाल्या. शरीर सुकत जातं आणि सांगत नाही.

मोठी काळी रात्रभर ओरडायची. तिला मी सगळ्यात आधी पाणी दिलं. जे ओरडले त्यांना मिळालं. कालवडी गप्प होत्या, बाबा गप्प होते, आणि मी त्याला गुणीपणा म्हणत होते.

शिउली सावरली. कालिंदीदीचा फोन होता. शिउलीची लघवी साफ झाली.

३ जून

बाबा फ्लॅटवर आले. सलील परवा विमानाने पोचला. चौदा दिवस घरातच राहायचं आहे, तो आतल्या खोलीत, दार लोटून. दाराआडून म्हणाला, "गोठा विकून टाकू या का? खरं सांग. मी तुला दोष देणार नाही."

मी म्हटलं, "हातपंप बसवायचाय गोठ्यात. आपला, आतमध्ये. मग बोलू."

 आतून म्हणाला, "सावलीत बसव."

सकाळी पाचला गोठ्यावर, धार, मग फ्लॅटवर, बाबांना ठरल्याप्रमाणे पाणी, मग परत गोठा. टगरला जिथे पुरलं तिथली माती बसलीय, त्यावर अजून भर घालायला हवी. प्रत्येक गायीच्या मानेची चिमटी घेते, शिउलीची दोनदा. घरी आलं की बाबांच्या हाताची घेते. ते वैतागून हात पुढे करतात. रात्री पंखा बंद पडला की मी ताडकन उठून बसते.

आज दुपारी बाबांना लिंबूसरबत देत होते. कालिंदीदी दुधाच्या किटल्या घेऊन आली होती, दारात उभी राहून बघत होती. पेला पूर्ण संपेपर्यंत मी बाबांसमोरून हलले नाही. मग सलीलच्या दाराशी तांब्या ठेवला.

"आणि तुम्ही, दीदी?" ती म्हणाली. "सकाळपासून तुम्ही काय प्यायलात?"

मी सांगायला तोंड उघडलं. आठवेना. सकाळचा चहा केला होता, तो गोठ्यावर कुठेतरी राहिला. कालचं आठवून पाहिलं. कालचंही आठवेना.

कालिंदीदी किटल्या खाली ठेवून आत गेली, पेला भरून आणला आणि माझ्या हातात दिला. "सावकाश," म्हणाली.

मी तिथेच जमिनीवर बसले आणि घोट घोट पीत राहिले. संपल्यावर तिच्याकडे पाहिलं आणि आणखी मागितलं.